एकवीस अंश

१८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

काल सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला डबा गाडीतच संपवला, शेजारच्या माणसाला विचारलंसुद्धा नाही. आता कामाचं.

दोन्ही खोल्यांतले पॅनल नीट चालू आहेत ना? भिंतीवर टांगलेली ती पांढरी पाटी म्हणजेच हीटर, हे शेजारच्या शिंपीणबाईंना पुन्हा एकदा सांग. त्या तिच्यावर ओली कापडं वाळत घालायला निघाल्या होत्या. तुझी लोखंडी शेगडी मी उचलून नेली तेव्हा तू खिडकीबाहेर बघत उभी राहिलीस, ते मला दिसलं. पण खरं सांग, या वयात लाकडं फोडायची, राख काढायची, धूर खायचा, हे किती दिवस चालणार होतं? धुराडं विटा लावून बंद केलंय, त्यामुळे वरून वारा यायचा नाही.

आमचे पॅनल शंभर टक्के कार्यक्षम आहेत, मावशी. विजेचा कणही वाया जात नाही, सगळ्याची ऊब होते. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे दोन खोल्यांना दिवसाला चौदा युनिटं पुरतात आणि खोलीत एकवीस अंश राहतात. मला तुझ्या घरात हे सिद्ध करून दाखवायचंय. म्हणून हीटरचा मीटर वेगळा लावलाय आणि टेबलावर थर्मामीटर ठेवलाय. रोज सकाळी सात आणि दुपारी तीन वाजता अंश लिहायचे, रात्री झोपण्याआधी मीटर बघायचा, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मला कळवायचं. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्रच बरं.

फेब्रुवारीत साहेबांसमोर मला हे मांडायचंय. वसाहतीतल्या सगळ्या चाळीस घरांचं काम मिळण्यासारखं आहे. मिळालं तर माझं नाव होईल. तुझ्यासारखी काटेकोर माणूस नोंदी ठेवणार म्हटल्यावर साहेब काय बोलणार?

तुझा,
फ्यूज


२ नोव्हेंबर

प्रिय फ्यूज,

पत्र मिळालं. तू आता कंपनीत मोठा माणूस झालास तरी या घरात तुझं नाव फ्यूजच राहणार. सहावीत असताना अख्ख्या वसाहतीचे दिवे घालवलेस, ते लोक अजून विसरलेले नाहीत. परवा पोस्टमास्तरांनी विचारलं, "तुमच्या भाच्याने हीटर बसवलेत म्हणे. मेणबत्त्या आणून ठेवू का?"

नोंदवही केली आहे. जुन्या शाळेतली कोरी वही होती, तिच्यात रकाने आखले. नियम तुला माहीत आहेच: चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बत्तीस वर्षं पोरांना विज्ञान आणि गणित शिकवताना मी हेच सांगितलं, आता स्वतःसाठी बदलणार नाही.

आकडे असे. बाहेर सरासरी पाच अंश. खोलीत सकाळी सतरा, दुपारी अठरा-एकोणीस, सरासरी अठरा धर. दिवसाला युनिटं चौतीस.

तू चौदा म्हणाला होतास. मी तीनदा मोजली, चौतीसच आहेत. पण खोली बरी ऊबदार असते, गाऱ्हाणं नाही. सकाळी उठून राख काढावी लागत नाही हे सुख आहे, ते मान्य करते. एक गंमत सांगते, शेगडीजवळ बसायची सवय इतकी आहे की खुर्ची अजून त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच तोंड करून असते.

तुझी,
मावशी


७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

चौतीस! वाचून खुर्चीतून पडायचाच बाकी राहिलो.

रागावू नकोस, पण काहीतरी चुकतंय आणि ते यंत्राचं नाही. तू स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवतेस का? दिवसभर खिडकी किलकिली ठेवायची तुझी जुनी खोड आहे. शिवाय ते बटण सारखं पुढेमागे फिरवायचं नसतं. आणि एकट्या माणसाला दोन्ही खोल्या कशाला तापवायला हव्यात? बाहेर जाताना बंद कर. दुपारी ऊन असलं की बंद कर. झोपताना बंद कर, पांघरूण आहेच.

थर्मामीटरही तू खिडकीजवळ ठेवला असशील. तो तिथून हलव. खोलीच्या ऊबदार भागात ठेवलास तर खरा आकडा मिळेल.

मावशी, हे आकडे साहेबांना दाखवले तर माझी नुसती फजिती होईल. ते म्हणतील, स्वतःच्या मावशीला साधं बटण वापरायला शिकवता येत नाही आणि चाळीस घरं मागतोय. तू एवढी हुशार बाई, तुला जमलं नाही तर कुणाला जमणार? पुढच्या पत्रात चांगले आकडे येऊ देत.

तुझा,
फ्यूज


२३ नोव्हेंबर

प्रिय फ्यूज,

तू सांगितलेलं सगळं केलं. स्वयंपाकघराचं दार लावते. खिडकीला आतून घडी घातलेलं वर्तमानपत्र लावलं आहे. आतल्या खोलीतला हीटर बंदच केला. थर्मामीटर खिडकीजवळ नव्हता, तू ठेवलास तिथेच टेबलावर होता, पण तरी हलवला. आधी पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, आता स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे चहा होतो तिथे.

पहिला आठवडा: युनिटं एकोणीस, अंश सतरा. दुसरा आठवडा: युनिटं तेरा, अंश एकोणीस.

दुपारी मी शिंपीणबाईंकडे जाऊन बसते. त्यांच्याकडे शिलाईची कामं खूप आली आहेत, मी बटणं लावून देते. त्यांचा हात दुखतो, बोटं आखडतात, त्यामुळे त्या मशीन शेगडीच्या अगदी पुढ्यात ओढून शिवतात. तेवढा वेळ आपला हीटर बंद राहतो हा फायदाच.

तब्येत ठीक. थोडा खोकला आहे, हवामानाचा असेल.

तुझी,
मावशी


२८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

शाब्बास! तेरा युनिटं आणि एकोणीस अंश! मी म्हटलं नव्हतं, यंत्रात दोष नाही म्हणून? साहेबांना तोंडी सांगितलं, त्यांनी पाठ थोपटली. "मावशींना सांगा, आणखी थोडं जमवा," म्हणाले.

शिंपीणबाईंशी तुझी चांगलीच गट्टी जमलेली दिसते. पूर्वी तर तुला त्यांच्या मशीनच्या आवाजाने डोकं दुखायचं! बरं आहे, दुपार तरी बोलण्यात जाते.

एक विचारू? तुझं अक्षर असं का झालंय? फळ्यावर छापल्यासारखं लिहायचीस तू. या पत्रातला 'थर्मामीटर' वाचायला मला दोन मिनिटं लागली. म्हातारी झालीस की काय?

तुझा,
फ्यूज


२० डिसेंबर

प्रिय फ्यूज,

पेन बदललं आहे, म्हणून अक्षर तसं दिसतं.

चार आठवड्यांचे आकडे: युनिटं रोज नऊ. अंश, सकाळी एकवीस, दुपारी एकवीस.

तुझी,
मावशी


४ जानेवारी

प्रिय मावशी,

बस खाली, मग वाच. काम मिळालं!

फेब्रुवारीपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. नऊ युनिटं आणि एकवीस अंश म्हटल्यावर साहेबांनी वसाहतीच्या कार्यालयात थेट अहवालच पाठवला. त्यात लिहिलंय, 'निवृत्त विज्ञान शिक्षिकेने स्वतःच्या घरात ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून.' तुझ्या वहीची पानं जोडायची आहेत, ती तेवढी टपालाने पाठव. दहा फेब्रुवारीपासून वसाहतीतल्या सगळ्या शेगड्या काढायच्या, धुराडी बंद करायची आणि पॅनल लावायचे. आणि तुझ्या आकड्यांमुळे प्रत्येक घराला दोनच्या जागी एकच पॅनल पुरेल असं ठरलंय. एकोणचाळीस घरं, मावशी! तुझं धरून चाळीस.

मला बढती मिळणार असं सगळे म्हणतायत. मी आनंदाने वेडा झालोय. हे सगळं तुझ्यामुळे.

तुझा,
फ्यूज


९ जानेवारी

प्रिय फ्यूज,

अभिनंदन.

एक विनंती आहे. शिंपीणबाईंची शेगडी राहू दे. बाकीच्यांचं काय करायचं ते करा, त्यांची तेवढी नको. त्यांचं पोट बोटांवर आहे आणि बोटं गार पडली की सुई धरता येत नाही. पोस्टमास्तरांनाही दमा आहे, गारठा सोसत नाही. म्हणजे तसं बघायला गेलं तर घाई कशाला? एक हिवाळा जाऊ दे की.

वही अजून पाठवलेली नाही.

तुझी,
मावशी


१३ जानेवारी

प्रिय मावशी,

अगं, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं नाही करता येत. शिंपीणबाईंनी तुझ्याकडे रडगाणं गायलं असेल. जुन्या वस्तूला चिकटून बसणारी माणसं अशीच असतात. तूसुद्धा शेगडी नेताना तोंड फिरवून उभी होतीस, आणि आता बघ! तूच त्यांना तुझ्या घरी बोलाव, तासभर बसव. एकवीस अंशांत बसल्या की आपोआप गप्प होतील. तुझं ऐकतात त्या.

वही लवकर पाठव. साहेब रोज विचारतात.

तुझा,
फ्यूज


१७ जानेवारी

प्रिय फ्यूज,

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. आता शिंपीणबाईंच्या शेगडीपुढे बसून लिहिते आहे, कारण माझ्या घरी बसून लिहिता येत नाही. बोटं वळत नाहीत. पेन बदललं हे खोटं होतं. पेन तेच आहे.

शिंपीणबाईंना एकवीस अंशांत बसव, असं लिहिलंस. फ्यूज, माझ्या घरात एकवीस अंश कधीच नव्हते. आज सकाळी नऊ होते. नऊ युनिटं हा आकडा मात्र खरा आहे. तेवढाच खरा आहे.

कसं झालं ते क्रमाने सांगते. पहिल्या पत्रात मी जे दिसलं ते लिहिलं, चौतीस आणि अठरा. ते वाचून तू लिहिलंस की काहीतरी चुकतंय आणि ते यंत्राचं नाही. म्हणजे माझं. तुझं पत्र वाचताना मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. बत्तीस वर्षं नोंदी कशा करायच्या ते पोरांना शिकवलं आणि स्वतःच्या भाच्याला साधं बटण बरोबर फिरवून दाखवता आलं नाही, याची मला लाज वाटली. बिलाची भीती नव्हती, पेन्शन पुरते. नुसती लाज. म्हणून मी एक हीटर बंद केला. मग दुसराही जास्त वेळ बंद ठेवायला लागले. युनिटं खाली आली, आणि खोली गार झाली, हे तर होणारच होतं. पण तू म्हणाला होतास, थर्मामीटर ऊबदार भागात ठेव. तर तो मी कपाटावर ठेवला. तिथेही सतराच. मग चहाच्या गॅसशेजारी ठेवला. तिथे एकोणीस आले. हे मी तुला लिहिलंच होतं. लिहिताना वाटलं, तू वाचशील आणि म्हणशील, मावशी, हा काय वेडेपणा? तू म्हणालास, शाब्बास.

त्यानंतर मी गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून बघितला. त्यानंतर बघितलाच नाही. डिसेंबरचे सगळे एकवीस मी एका बैठकीत लिहिले. सकाळ, दुपार, सकाळ, दुपार. रकाना सरळ यावा म्हणून पट्टी लावली होती.

तुला सातवीतलं आठवत असेल. उकळत्या पाण्याचं तापमान घ्यायचं होतं. वर्गातल्या थर्मामीटरवर सत्त्याण्णव दिसत होतं आणि तू वहीत शंभर लिहिलंस, कारण पुस्तकात शंभर होतं. मी तुला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "पुस्तकातला आकडा लिहायला थर्मामीटर कशाला लागतो रे?" सगळा वर्ग हसला. घरी आल्यावर तू जेवला नाहीस. त्या पोराचं मी काय केलं, आणि आज मी काय करून बसले आहे! तू तर बारा वर्षांचा होतास.

रोज दुपारी शिंपीणबाईंकडे मी बटणं लावायला जात नव्हते. ऊब घ्यायला जात होते. त्यांच्याच शेगडीपुढे बसून मी तुझ्या पत्राला उत्तर लिहायचे, आणि त्याच उत्तरांमुळे आता त्यांची शेगडी जाणार. तुझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून मी इतके दिवस तोंड शिवून बसले. पण कालपासून त्या मला दाखवतायत, शेगडी गेल्यावर मशीन कुठे ठेवायचं. म्हणतात, "बाई, तुमच्याकडे एवढं ऊबदार आहे तर आमच्याकडेही होईल." मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

वही पाठवते आहे. सगळे एकवीस मी एका रेघेने खोडले आहेत. खालचे वाचता येतात. शेजारी खरे आकडे नाहीत, कारण मी ते पाहिलेच नाहीत. फक्त आजचा आहे.

ही वही साहेबांना दाखव. माझं नाव घालून दाखव. तुला काय बोलणी खावी लागतील ते मला कळतं. मला माफ कर असं म्हणायचंही धाडस होत नाही.

मावशी


२९ जानेवारी

प्रिय मावशी,

आधी हे कर: पत्र खाली ठेव, दोन्ही पॅनल पूर्ण चालू कर आणि मग पुढचं वाच. मीटरकडे बघायचं नाही.

उत्तराला इतके दिवस लागले कारण मला आधी एक काम करायचं होतं. ते केल्याशिवाय तुला लिहायची माझी लायकी नव्हती.

तू सगळा दोष स्वतःकडे घेतलास. तुला माहीत नाही ते आता ऐक. तुझं वीस डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा मी जेवायच्या सुट्टीत होतो. नऊ युनिटं, एकवीस अंश. मी पाकिटाच्या मागे त्रैराशिक मांडलं. तूच शिकवलेलं. तुझ्या पहिल्या पत्रात बाहेर पाच आणि आत अठरा होतं, म्हणजे तेरा अंश चढवायला चौतीस युनिटं. मग सोळा अंश चढवायला किती? बेचाळीस. आणि नऊ युनिटांत किती अंश चढतील? साडेतीन. म्हणजे खोलीत साडेआठ, फार तर नऊ. मी पाकिटावर नऊ लिहिलं, मावशी. तू सतरा जानेवारीला सकाळी जो आकडा पाहिलास, तो माझ्या हातात डिसेंबरात होता.

दिवसभरात नऊ युनिटं म्हणजे काय हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही कळतं. चार माणसं खोलीत नुसती गप्पा मारत बसली तरी तेवढी ऊब होते. त्या जुन्या घरात, एका विटेच्या भिंतीत, एकेरी काचेत त्याने एकवीस अंश होतील, हे सातवीतल्या पोरालाही पटलं नसतं.

मी ते पाकीट चुरगळून टोपलीत टाकलं. आणि साहेबांना एकवीस सांगितलं.

शंभर टक्के कार्यक्षम हे मी तुला किती नाक वर करून लिहिलं होतं! ते खोटं नाही, आणि त्याला काही अर्थही नाही. रस्त्यावर मिळणारी साधी तारेची शेगडीसुद्धा तेवढीच कार्यक्षम असते, विजेची ऊब करायला अक्कल लागत नाही. ऊब घरात किती वेळ राहते हा खरा प्रश्न. माहितीपत्रकातली चौदा युनिटं नव्या इमारतीत मोजलेली होती, जाड भिंती, दुहेरी काचा. मी वाचलं होतं. खाली बारीक अक्षरांत होतं. तुझं घर त्यातलं नाही हे मला माहीत होतं, मी त्या घरात वाढलोय! हिवाळ्यात दाराखालून वारा यायचा म्हणून तू तिथे जुनी चादर गुंडाळून ठेवायचीस.

तरी मी तुला लिहिलं की चूक तुझी आहे. चहा होतो तिथे थर्मामीटर ठेवलाय हे तू लिहिलंस आणि मी शाब्बास म्हटलं. अक्षर बिघडलं तर म्हातारी म्हणून चिडवलं. खोकला लिहिलास, त्यावर एक शब्द नाही. तुझी चार पत्रं आता ओळीने मांडली तर आंधळ्यालाही दिसेल. मी युनिटं वाचली, अंश वाचले, तुला वाचलंच नाही. या गोष्टीची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

सोमवारी बैठक होती. बाराजण. मी तुझी वही टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. तू म्हणाली होतीस, माझं नाव घालून दाखव. मी घातलं नाही, कारण नोंदवही तुझी असली तरी अहवाल माझा आहे. मी पाकिटाचं सांगितलं. फळ्यावर ते त्रैराशिक पुन्हा मांडलं. कुणी हसलं नाही, त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. साहेब एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, हो.

वसाहतीचं काम थांबलं. शेगड्या जागेवर राहतील. बढती अर्थातच गेली, आणि मला तक्रारींच्या टेबलावर बसवलंय. दिवसभर लोक फोनवर सांगतात, हीटर चालू आहे पण खोली गार आहे. मी आता त्यांना आधी विचारतो, भिंत कसली आहे.

तुझी शेगडी परत आणता येत नाही. भंगारात गेली. चौकशी करून आलो. त्याऐवजी रविवारी येतो. खिडक्यांच्या फटींना पट्ट्या, जाड पडदे, छताखाली घालायला फोमच्या शीट घेऊन येतो. बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं एक यंत्र असतं, उलटा चालवलेला फ्रीज म्हण. ते एका युनिटात तिप्पट ऊब देतं. वसाहतीच्या कार्यालयाला त्याबद्दल अर्ज केलाय. कधी होईल ते माहीत नाही, खोटं आश्वासन देत नाही.

आणि यापुढे पत्रात अंश नंतर लिही. आधी एक ओळ लिही: हात गरम आहेत की गार.

फ्यूज


१२ फेब्रुवारी

प्रिय फ्यूज,

हात गरम आहेत.

वरची ओळ खोडली आहे. एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल. बघ, सवय किती लवकर लागते! आणि किती चिवट असते. हात थोडे गार आहेत. डावा जास्त. पण बोटं वळतात, अक्षरावरून तुला कळेलच.

रविवारी तू आलास, चार तास फटींना पट्ट्या चिकटवल्यास, शिडीवर चढून छत बंद केलंस. मी तीनदा चहा केला. आणि दोघंही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. तू काचेकडे बघून बोलत होतास, मी कपबशीकडे. निघताना तू माझे हात हातात घेतलेस आणि बराच वेळ सोडले नाहीस, तेव्हा मला वाटलं आता बोलेन. पण तुझी गाडी निघायची वेळ झाली होती. म्हणून कागदावर.

तू गेल्यावर मी एक काम केलं. सोमवारी वसाहतीच्या कार्यालयापुढे लोक जमले होते, काम का थांबलं ते विचारायला. काहीजण तुझ्या नावाने बोटं मोडत होते. मी पुढे जाऊन पायरीवर उभी राहिले आणि सांगितलं, खोटे आकडे मी लिहिले. बत्तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिले, पण असं कधी बोलावं लागलं नव्हतं. पोस्टमास्तर खाली बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईसुद्धा?" तो आवाज अजून कानात आहे.

शिंपीणबाई मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. तुम्ही रोज यायच्यात, चहा गार होऊन जायचा आणि तुमचे दोन्ही हात शेगडीवर. आणि बटणं तुम्ही इतकी वाईट लावता की मी ती उसवून पुन्हा लावायची." मग तुम्ही बोलला का नाहीत, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही यायचं बंद केलं असतं ना."

आता जे लिहायला बसले आहे ते. तू मीटिंगमध्ये बाराजणांपुढे एकटा उभा राहिलास, हे वाचल्यापासून मला एक गोष्ट छळते आहे. सातवीच्या त्या दिवशी मी घरी आणून सगळ्या वह्या तपासल्या. शंभर तू एकट्याने लिहिलं नव्हतंस. आणखी अकराजणांनी लिहिलं होतं. मला दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. बाईंचा भाचा आहे म्हणून सोडला, असं कुणी म्हणू नये, म्हणून तुला उभं केलं होतं, आणि मग माझं चुकलं असं वर्गापुढे म्हणायची मला लाज वाटली. तू त्या दिवशी जेवला नाहीस आणि मी तुला जेव म्हटलं नाही. एवढी वर्षं ते अकराजण मी पोटात ठेवले.

तुला दोनदा एकट्याला उभं राहावं लागलं. दोन्ही वेळा माझ्यामुळे. मागच्या पत्रात धाडस झालं नव्हतं, आता लिहिते: मला माफ कर, बाळा.

तुझं पत्र आल्यापासून दोन्ही हीटर चालू आहेत. बाहेर एक अंश, कालची युनिटं एकतीस. खोकला कमी आहे. यंत्राचं काय होईल ते होईल, तोवर आठवड्यातून तीनदा शिंपीणबाईंकडे जाते, आणि उघडपणे ऊब घ्यायला जाते. बटणं लावायला त्यांनी मनाई केली आहे.

आत्ता दुपारचे तीन. थर्मामीटर तू ठेवलास तिथेच, टेबलावर. एकवीस नाहीत.

सोळा. उठून, चष्मा लावून पाहिलं.

तुझी,
मावशी